रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

आमच्या कैनाडसारख्या गावांतून कारखान्यांत कामास जाणाऱ्या तरुणांस आठवड्याची सुटी आयतीच लाभली आहे. ती मिळवून देणाऱ्या पुरुषाचे स्मरण करणे आम्ही कर्तव्य समजतो.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. ते महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र हाती घेतले व १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांची संघटना उभारली. रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असत. पण गिरणीच्या मजुरास हक्काची सुटी नव्हती. रविवार हा खंडोबाचा वार. त्या दिवशी कामगारास कुलदैवताच्या सेवेस मोकळीक हवी, असे लोखंडे यांनी मांडले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांचीही भाषणे झाली. १० जून रोजी मालकांनी मागणी मान्य केली.

सुटी मागितली ती खंडोबाच्या नावाने, परंतु लाभली सर्व धर्मांच्या कामगारांस. १८९३ च्या दंग्यानंतर हिंदु-मुसलमानांत सलोख्यासाठीही ते झटले. १८९७ साली प्लेगने त्यांचा अंत झाला.

आपल्या देवासाठी सवड मागणाऱ्याने शेजाऱ्याच्या देवासही सवड द्यावी, हाच बोध आमच्या ज्ञातिबांधवांनी घ्यावा.