जिला शाळेने दारात उभं केलं नाही, तिचीच पुस्तकं पुढे स्वीडनच्या पोरांनी वाचून काढली

नाकाला नाख, कानाला कान, माणसाला मानुष, दोनला दुई आणि दहाला देश. ही भाषा भारतातली वाटते, पण बोलली जाते युरोपात. रोमा लोकांची ही रोमानी भाषा. साधारण हजारेक वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे निघाले. त्यातली काही कुटुंबं पार उत्तरेला, बर्फाळ स्वीडनपर्यंत पोहोचली.

अशाच एका कुटुंबात 29 जुलै 1932 ला, ओरेब्रो शहराजवळच्या तळावर कातारिना तायकोनचा जन्म झाला. वडील योहान रोमा, चांदीकाम करणारे आणि वाजवणारे. आई आग्दा स्वीडिश. कातारिना अगदी तान्ही असतानाच आई क्षयाने गेली.

तो काळ असा होता की स्वीडन स्वतःला 'जनतेचं घर' म्हणवून घेत होता. सरकार प्रत्येकाची काळजी घेणार, कुणी उघड्यावर पडणार नाही, असं ते स्वप्न. या घरात रोमांना मात्र जागा नव्हती. देशात त्यांची संख्या तेव्हा हजाराच्याही आत. तरी गावाबाहेर तंबू पडला की थोड्याच दिवसांत हाकलायला माणसं हजर. पक्का पत्ता नाही म्हणून शाळा नाही, आणि पत्ता मिळावा म्हणून कुणी घर देत नाही. 1914 ते 1954 या काळात तर परदेशी रोमांना स्वीडनमध्ये यायलाच बंदी होती. म्हणजे हिटलरच्या छावण्यांत रोमा मारले जात होते, तेव्हाही हे दार बंदच होतं.

कातारिनाचं बालपण तंबूत आणि जत्रेच्या खेळांत गेलं, मधला काही काळ बालगृहात. कोवळ्या वयात तिचं लग्न लावून दिलं गेलं. ते लग्न सोडून ती पळाली आणि स्टॉकहोममध्ये स्वतःच्या पायावर उभी राहिली. सिनेमांत छोटी कामं मिळाली. पण वाचता-लिहिता धड येत नव्हतं. विशी उलटल्यावर, थोरली बहीण रोझासोबत, ती प्रौढांच्या निवासी शाळेत जाऊन बसली.

शिकल्यावर पाचेक वर्षांतच, 1963 मध्ये, तिचं पहिलं पुस्तक आलं. नाव 'सिगेनेर्स्का', म्हणजे जिप्सी बाई. लोक शिवीसारखा वापरायचे तो शब्द तिने थेट मुखपृष्ठावर टाकला. आपल्याच देशात, आपल्याच काळात माणसं तंबूत गारठतायत आणि त्यांची पोरं निरक्षर राहतायत, हे अनेक स्वीडिश वाचकांना पहिल्यांदाच कळलं. एका रात्रीत ती रोमांचा आवाज झाली.

मग लेख, वाद, मोर्चे. 1965 च्या कामगार दिनाला रोमा स्टॉकहोमच्या रस्त्यावर उतरले. तिची मागणी साधी होती आणि म्हणूनच सरकारला अडचणीची: दया नको, दानधर्म नको, बाकी नागरिकांना मिळतं ते घर आणि ती शाळा द्या. 1966 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग स्वीडनला आले तेव्हा ती त्यांनाही भेटली.

काही गोष्टी हलल्या. घरं मिळू लागली, प्रौढांचे वर्ग सुरू झाले. पण साठचं दशक संपताना फ्रान्समधून आलेल्या रोमा कुटुंबांच्या एका जथ्यासाठी ती जिवाच्या आकांताने लढली, आणि सरकारने त्यांना आश्रय नाकारला. हा घाव तिला फार लागला. मोठ्यांशी वाद घालून काही होत नाही, त्यांची मतं आधीच पक्की झालेली असतात, अशी तिची खात्री पटली.

म्हणून ती मुलांकडे वळली. 1969 मध्ये 'कातित्सी' मालिकेचं पहिलं पुस्तक आलं. कातित्सी म्हणजे लहानपणीची ती स्वतःच: खोडकर, बडबडी, प्रश्न विचारून मोठ्यांना हैराण करणारी रोमा मुलगी. यात भाषणबाजी नाही. तंबू हलतात, सावत्र आई छळते, शाळेतली पोरं चिडवतात, आणि वाचणारं मूल आपोआप कातित्सीच्या बाजूने उभं राहतं. 1980 पर्यंत तेरा पुस्तकं झाली, 1979 मध्ये टीव्ही मालिका आली. स्वीडनच्या एका अख्ख्या पिढीला रोमा मुलगी म्हटलं की हीच आठवते.

1982 मध्ये कातारिनाचं हृदय अचानक बंद पडलं. जीव वाचला, पण मेंदूला जबर इजा झाली. वयाच्या पन्नाशीत तिचं बोलणं-लिहिणं कायमचं थांबलं. पुढची तेरा वर्षं अशीच गेली आणि 30 डिसेंबर 1995 ला तिचं निधन झालं.

2000 मध्ये स्वीडनने रोमांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. 2013 मध्ये मात्र दक्षिण स्वीडनच्या पोलिसांकडे रोमांची एक गुपचूप बनवलेली यादी सापडली. त्यात चार हजारांहून जास्त नावं होती. बऱ्याच जणांचा एकच दोष, ते कुणाचे तरी नातेवाईक होते. त्या यादीत लहान मुलंही होती.