डेनिस रिची: सी भाषेचा जनक आणि ॲरेची हरवणारी लांबी

तुमच्या अँड्रॉइड फोनमधलं लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत लिहिलंय. ती घडवणारे डेनिस रिची १९४१ मध्ये अमेरिकेत जन्मले, हार्वर्डला भौतिकशास्त्र शिकले आणि १९६७ मध्ये बेल लॅब्समध्ये आले. १९७२ च्या सुमारास सी आकाराला आली. १९८३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये निधन झालं.

मला त्यांचा एक निर्णय फार महत्त्वाचा वाटतो: फंक्शनला ॲरे दिला की फक्त पत्ता जातो, लांबी नाही. मग १० इंटच्या ॲरेची लांबी तिथे साइझऑफने काढली, तर ६४-बिट फोनवर ८ भागिले ४, म्हणजे २ येते! म्हणूनच लिनक्सचा लांबी मोजणारा मॅक्रो आधी तपासतो, हा खरंच ॲरे आहे ना? पॉइंटर दिला तर कोड कंपाइलच होत नाही. रिचींनी मोकळीक दिली, काळजी आपण घ्यायची.