बिऱ्हाड पाठीवर घेतलेला गणितज्ञ : पॉल एर्दोश

मंडळी, आपण सगळेच घर सोडून आलेले. म्हणून कायमचे घरच नसलेल्या एका गणितज्ञाची ही ओळख.

पॉल एर्दोश १९१३ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू घरात जन्मले. १९३४ साली ते मँचेस्टरला आणि १९३८ साली अमेरिकेत गेले. मागे राहिलेले अनेक नातलग नाझींनी मारले, आई वाचली. १९५४ साली अमेरिकेने परतीचा परवाना नाकारला, तरी ते ॲमस्टरडॅमच्या परिषदेला गेलेच. मग कित्येक वर्षे ते दार बंद राहिले. एक सूटकेस, मित्रांची घरे आणि गणित एवढाच संसार. तरी सुमारे १५०० शोधनिबंध लिहिले!

त्यांच्या आवडीचा एक प्रश्न मुलांनाही कळेल. सपाट पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू रंगवायचा, पण बरोबर एक सेंटिमीटर अंतरावरचे दोन बिंदू एकाच रंगाचे नकोत. कमीत कमी किती रंग लागतील? सात पुरतात. १९५१ साली एर्दोश आणि डी ब्राउन यांनी सिद्ध केलेल्या प्रमेयामुळे, रंग कमी पडत असतील तर ते मोजक्या बिंदूंतही दिसायलाच हवे, हे कळले.

१९९६ साली वॉर्सात परिषदेसाठी गेले असताना ते वारले. २०१८ साली ऑब्री डी ग्रे यांनी १५८१ बिंदूंच्या रचनेने चार रंग पुरत नाहीत हे दाखवले.

पाच, सहा की सात? आम्हाला वाटते, हा प्रश्न आपल्या मुलांपुढे जरूर ठेवावा.