अंकुराची वाढ

घोडा भरधाव दौडत असताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात काय? प्रश्न ऐकावयास साधा वाटतो. परंतु घोड्याचे पाय आपल्या दृष्टीहून चपळ असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी त्याचे उत्तर मिळत नाही. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावेच्या वाटेलगत ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि प्रत्येकाचा दोरा त्या वाटेवर आडवा ताणला. घोड्याच्या पायांनी दोरे तुटत गेले व एकामागून एक बारा चित्रे उमटली. त्यांपैकी काहींत घोडा खरोखरच अधांतरी होता! अशी चित्रे डोळ्यांपुढून वेगाने सरकविली, की चित्रातला घोडा धावू लागे. चित्रपटकलेचे एक मूळ या धावेत आहे. ही कला आपल्या देशात रुजविण्यासाठी मुंबईतील एका छायाचित्रकाराने सर्वस्व पणाला लावले. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणतात.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका विद्वान शास्त्र्यांच्या घरी झाला. चित्रकलेची ओढ पाहून त्यांना १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घालण्यात आले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रणही शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. पण प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी व मूल दोघेही दगावली. त्या दुःखातून सावरून त्यांनी सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली. स्वदेशीची चळवळ सुरू होताच ती सोडली आणि छापखाना काढला. तो भरभराटीस आला, तोच भागीदारांशी मतभेद होऊन दादासाहेब त्यातूनही बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी संसार आणि हाती काम नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

अशा दिवसांत, १९११ साली, गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त वावरत होता. दादासाहेबांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देशातील कथा आपल्याच माणसांनी अशा का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. ते दिवसरात्र चित्रपट पाहू लागले, मिळतील ती पुस्तके वाचू लागले. त्या ताणाने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली! छायाचित्रकाराचे डोळे गेले तर उरले काय? सुदैवाने उपचारांना यश आले, आणि दृष्टी परत येताच ते पुन्हा अभ्यासाला बसले. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि ही विद्या शिकून, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

आता भांडवल हवे होते. न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा कोण लावणार? दादासाहेब लोकांची समजूत घालीत बसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि पुष्कळ दिवस, ठराविक अंतराने, एकेक चित्र घेत राहिले. मायब्रिजने क्षणाचे तुकडे केले होते. दादासाहेबांनी दिवस एकत्र जोडले. पडद्यावर बी फुटले, अंकुर वर आला आणि बघता बघता त्याचा वेल झाला! ते पाहून पैसा देणाऱ्यांना विश्वास वाटला.

दादरच्या रस्त्यावरील त्यांच्या बिऱ्हाडी ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडीत. त्यांनी आपले दागिनेही या कामी दिले. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. तेव्हा एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून राणी करण्यात आले. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सहा महिने आणि सत्तावीस दिवसांच्या श्रमानंतर ३७०० फूट लांबीचा हा चित्रपट पूर्ण झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो लोकांना दाखविण्यात आला. ज्या गिरगावात स्वप्न पडले, त्याच गिरगावात दोन वर्षांनी ते खरे झाले.

पुढे दादासाहेबांनी ‘लंकादहन’सारखे अनेक चित्रपट काढले. बोलपटांचे युग आल्यावर त्यांचे वैभव ओसरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावे देत आहे, आणि दादरमधील एका रस्त्यालाही त्यांचे नाव आहे.

मोठे काम हाती घेतले, की उमेद खचण्याचे प्रसंग येतातच. दादासाहेबांवर ते वारंवार आले. अशा वेळी ते यशाची वाट पाहत थांबत नसत. हाताशी असलेले लहानसे काम मन लावून करीत. कुंडीतला वाटाणा एका दिवसात किती वाढला, हे नुसत्या डोळ्यांना कळले नसते. रोजची चित्रे जोडली, तेव्हाच त्याचा वेल दिसला.