इओसेपा

‘मिशनरी’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा झगा, गळ्यात क्रूस आणि पिकलेली दाढी असलेला कोणी वयोवृद्ध पाद्री उभा राहतो. निदान माझ्या तरी राहत असे. पण ज्याची हकीकत मी येथे सांगणार आहे तो मिशनरी परक्या देशाच्या धक्क्यावर उतरला तेव्हा त्याला सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. खिसा रिकामा, भाषा अवगत नाही, आईबाप दोघेही वारलेले. त्याचे नाव जोसेफ एफ. स्मिथ. पुढे तो मॉर्मन पंथाचा सर्वोच्च प्रमुख झाला, पण मला ओढ वाटली ती त्या पोरसवदा मुलाचीच.

मॉर्मन हे नाव आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १८३० मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हा ख्रिस्ती पंथ स्थापला. बायबलच्या जोडीने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हाही ग्रंथ ते पवित्र मानतात, त्यावरून हे नाव पडले. आजूबाजूच्या लोकांशी त्यांचे कधी जमले नाही. मिसूरीतून त्यांना हाकलले. इलिनॉयमध्ये त्यांनी नवे शहर वसवले, तर तेथेही २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमाव शिरला आणि संस्थापक जोसेफ व त्याचा थोरला भाऊ हायरम ह्यांना गोळ्या घालून ठार केले. ह्या हायरमचा मुलगा म्हणजे आपला चरित्रनायक. त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ चा. तो जन्मला तेव्हा बाप कैदेत होता, आणि सहावे वर्ष पुरे होण्याआधीच बाप गेला.

आई मेरी फील्डिंग मोठी जिद्दीची बाई. १८४८ मध्ये सारे मॉर्मन बैलगाड्या जोडून पश्चिमेकडे निघाले होते, तेव्हा तिच्या तांड्याच्या नायकाने तिला सांगितले की, विधवेने ह्या वाटेला लागू नये, साऱ्या तांड्याला तिचे ओझे होईल. ती म्हणे त्याला उलट बजावून आली की, मी तुझ्या आधी पोहोचेन आणि तुझी मदतही घेणार नाही. त्या हजार मैलांच्या वाटेवर एक गाडी हाकली नऊ वर्षांच्या जोसेफने. आणि सॉल्ट लेकच्या खोऱ्यात बाई नायकाच्या आधीच उतरली! पण चारच वर्षांत, सप्टेंबर १८५२ मध्ये तीही गेली. मागे राहिली तेरा वर्षांचा जोसेफ आणि त्याहून लहान मार्था अ‍ॅन.

पोरका मुलगा तापट झाला. शाळेत मास्तर लहानग्या मार्थाला चामडी पट्ट्याने मारायला निघाला, तेव्हा हा मधे पडला आणि त्याने मास्तरालाच बडवले, अशी कथा सांगतात. तिथेच त्याचे शिक्षण संपले. मग १८५४ च्या एप्रिलमधील धर्मसभेत प्रचाराला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव वाचले गेले. आडदांड पोराला वळण लागावे म्हणून वडीलधाऱ्यांनी हा उपाय काढला असावा, असे मला वाटते. आपल्याकडे अशा पोराचे लग्न लावून देतात, त्यांनी त्याला हवाई बेटांवर धाडले.

मॉर्मन प्रचारकाला पगार नसतो. तेव्हा तर भाड्याचे पैसेही ज्याचे त्याने मिळवायचे. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर जोसेफने छपराच्या लाकडी फळ्या पाडण्याचे काम केले, आणि त्या मजुरीतून गलबताचे भाडे भरले. २७ सप्टेंबर १८५४ रोजी तो होनोलुलूला उतरला. हवाई तेव्हा अमेरिकेचा भाग नव्हता, तेथे राजा होता आणि स्वतःचे राज्य होते. पण त्या राज्याची दशा वाईट होती. गोऱ्यांच्या गलबतांतून आलेल्या रोगांनी मूळ लोकांची संख्या झपाट्याने घटत चालली होती. आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये, देवीच्या साथीत हजारो माणसे दगावली होती. अशा लोकांना आणखी एका नव्या पंथाची काय गरज होती, हा प्रश्न वाचताना मला पडला. त्याचे उत्तर मला सापडलेले नाही. मात्र ह्या मुलाला पोसले ते त्याच लोकांनी, हे नक्की.

त्याला मावी बेटावर कुला येथे पाठवण्यात आले. हालेआकाला नावाच्या प्रचंड ज्वालामुखीच्या उतारावरचा हा मुलूख. राहायला स्थानिक लोकांच्या झोपड्या, निजायला चटई. खायला ‘पोई’. आपल्या अळकुड्यांसारखाच एक कंद तिकडे पिकतो. तो शिजवून दगडावर कुटायचा, पाणी घालून चिकट लगदा करायचा, थोडा आंबू द्यायचा, आणि बोटांनी चाटायचा. बटाटा-पाव खाऊन वाढलेल्या मुलाला ते पहिल्या दिवशी कसे गेले असेल? पण दुसरे काही नव्हतेच. बेटाच्या वाटा पायी तुडवायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचे, संध्याकाळी ज्याच्या दारी जागा मिळेल तेथे टेकायचे. घरून पत्र यायला महिनेच्या महिने लागत. मार्थाला तो पत्रे लिही, त्यांत मोठ्या भावाच्या तोऱ्याने उपदेश करी. स्वतः पंधरा वर्षांचा, ती तेरा वर्षांची!

खरी अडचण भाषेची होती. त्याच्या आधी, १८५० मध्ये, मॉर्मनांची पहिली दहा माणसे हवाईत आली होती ती तेथल्या गोऱ्या लोकांना उपदेश करायला. गोऱ्यांनी ऐकले नाही, तेव्हा निम्मी माणसे निघून गेली. जॉर्ज क्यू. कॅनन नावाचा तरुण मात्र राहिला, हवाईयन भाषा शिकला, आणि योनातान नापेला ह्या हवाईयन न्यायाधीशाच्या मदतीने त्याने बुक ऑफ मॉर्मनचे भाषांतर केले. (त्याच सुमारास ह्या पंथाचा ह्यू फिंडले नावाचा उपदेशक मुंबईत आणि पुण्यात येऊन गेला होता. त्याच्या हाती फारसे काही लागले नाही.)

जोसेफने कॅननचाच मार्ग धरला. हवाईयन भाषा छापायला सुरुवात झाली तेव्हा तिच्यासाठी अवघी बारा अक्षरे ठरवली होती. ऐकायला सोपे वाटते, पण थोडीच अक्षरे असली की शब्द एकमेकांसारखे होतात आणि जीभ घसरते. हे मी अनुभवाने सांगतो. मी खेड्यातून कॉलेजात आलो तेव्हा माझी भाषाही मराठीच होती, तरी वर्गात तोंड उघडले की मागच्या बाकावर हसू फुटे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा विचारायचे तरी कोणाला? सहा महिने मी वर्गात गप्प बसून काढले. जोसेफला गप्प बसण्याची सोय नव्हती, बोलणे हेच त्याचे काम. पुस्तकापेक्षा चुलीपाशी बसून तो अधिक शिकला असणार. शंभर दिवसांत तो त्या भाषेत सभा चालवू लागला. त्या लोकांनी त्याचे नावही आपल्या जिभेला बसेल असे करून घेतले : इओसेपा.

पण त्याआधी एक संकट गेले होते. त्याला ताप भरला, आणि तो लवकर उतरेना. औषध नाही, आपले माणूस नाही. एका हवाईयन बाईने त्याला घरात घेतले, निजवले, भरवले, आणि स्वतःच्या मुलासारखा सांभाळून बरा केला. तिचे नाव मानुही. सगळे तिला ‘मा’ म्हणत. धर्म शिकवायला आलेल्या मुलाला दोन वर्षांनी पुन्हा आई मिळाली ती अशी.

सोळाव्या वर्षी मावी बेटाची सारी जबाबदारी त्याच्यावर आली. मग हवाई बेटावर हिलोला आणि त्यानंतर मोलोकाईला नेमणूक झाली. १८५६ मध्ये लानाई बेटावर ज्या घरात त्याचे सामान ठेवले होते त्याला आग लागली, आणि कपडे, पुस्तके, रोजनिशी, सारे जळाले. तो आणि त्याचा सोबती ह्यांच्यात म्हणे एकच धड पोशाख उरला. एक सभेला जाई तेव्हा दुसरा पांघरूण घेऊन घरी पडून राही, पुढच्या सभेला पाळी बदले. वाचताना मला हसू आले, आणि मग आमच्या वसतिगृहातला इस्त्रीचा एक सदरा आठवला. तोंडी परीक्षेच्या दिवशी तो चार जणांच्या अंगावर जाऊन आला होता.

ह्याच दिवसांतले एक स्वप्न त्याने म्हातारपणी सांगितले. अंगावर धड वस्त्र नाही, आपण अगदी खालच्या पायरीला आहोत, कोणापुढे मान वर करण्याची लायकी नाही, असे त्याला तेव्हा वाटे. स्वप्नात तो घाईघाईने कोठेतरी चालला होता, काखेत एक गाठोडे. वाटेत एक मोठे घर लागले आणि स्नानाची जागा दिसली. त्याने आंघोळ केली, गाठोडे सोडले, तर आत स्वच्छ पांढरे कपडे. ते घालून तो दाराशी गेला. दार उघडले ते मारल्या गेलेल्या काकाने, आणि त्याने उशीर केल्याबद्दल खडसावले. मुलाने उत्तर दिले की उशीर झाला खरा, पण मी स्वच्छ होऊन आलो आहे. आत बाप होता, आणि आईही होती. ह्या स्वप्नानंतर आपले भय गेले, असे तो सांगे. स्वप्नांचा अर्थ लावणे माझे काम नाही. पण अंगावर एकही धड कपडा नसलेल्या मुलाला स्वप्नात कपडे आणि आई दिसावी, ह्यात मला नवल वाटत नाही.

१८५७ मध्ये अमेरिकन सरकारने मॉर्मनांवर फौज पाठवली आणि बाहेरगावच्या प्रचारकांना परत बोलावणे आले. पुन्हा मजुरी करून भाडे जमवणे आले. कॅलिफोर्नियातून जाताना काही शस्त्रधारी गुंड तळावर आले. मॉर्मन दिसला की उडवायचा अशी त्यांची भाषा होती. बाकीचे झाडीत सरकले. पिस्तूलवाल्याने जोसेफला विचारले तेव्हा त्याने सरळ कबूल केले की होय, मी मॉर्मन आहे. गुंडाने पाहत राहून त्याच्याशी हस्तांदोलन केले आणि तो निघून गेला. २४ फेब्रुवारी १८५८ रोजी जोसेफ सॉल्ट लेकला पोहोचला. वय एकोणीस. आज मी जितका आहे तितकाच!

पुढचे आयुष्य थोडक्यात. त्याने एकूण सहा विवाह केले. पंथाने १८९० मध्ये बहुपत्नीत्व बंद केल्याचे जाहीर केले, तरी त्याने आपल्या बायकांना अंतर दिले नाही. त्यापायी १९०६ मध्ये कोर्टाने त्याला तीनशे डॉलर दंड केला. त्याच्या चरित्रातला बहुपत्नीत्वाचा हा भाग मला पटत नाही, ते येथे नोंदवून ठेवतो. १९०१ पासून १९ नोव्हेंबर १९१८ रोजी मृत्यू येईपर्यंत तो पंथाचा अध्यक्ष होता.

अध्यक्ष असताना तो हवाईला गेला, तेव्हाचा एक प्रसंग त्याच्याबरोबरच्या सहकाऱ्याने लिहून ठेवला आहे. धक्क्यावर गर्दी लोटली होती, गळ्यात फुलांच्या माळा पडत होत्या, वाद्ये वाजत होती. त्या गर्दीत एक आंधळी म्हातारी कोणाच्या तरी आधाराने चाचपडत पुढे येत होती. हातात थोडी निवडक केळी, आणि तोंडाने सारखी त्याच्या नावाची हाक : इओसेपा, इओसेपा. त्याने ती ऐकली, माळा-मानकरी सोडून तो धावत गेला, आणि तिला मिठी मारून लहान मुलासारखा आई, आई म्हणत राहिला. ती मानुही होती. त्याची दाढी केव्हाच पांढरी झाली होती, पण ते तिला कोठून दिसणार?