भुकेल्यांचा कैवारी : डॉ. फ्रित्यॉफ नान्सेन

ज्या शेतकऱ्याच्या हातचा नांगर सोडवून राजसत्ता त्याच्या खांद्यावर बंदूक देते, त्याच्या घरीं पुढें काय होतें, याची चौकशी इतिहासांत क्वचितच आढळते. ती चौकशी ज्यानें उतारवयांत साऱ्या जगास करावयास लावली, त्या नॉर्वेच्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही विद्यार्थिवर्गापुढें ठेवीत आहों.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं हल्लींच्या ऑस्लो शहरानजीक झाला. प्राणिशास्त्र हा त्यांचा विषय. पण त्यांची कीर्ति झाली ती धाडसामुळें. १८८८ सालीं पांच सोबत्यांसह त्यांनीं ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडलें. १८९३ सालीं ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फांत अडकवून ते त्या बर्फाबरोबर वाहत उत्तरेकडे गेले. आणि १८९५ च्या एप्रिलांत एका सोबत्यासह, कुत्र्यांच्या गाड्या घेऊन, ८६ अंश १४ कलांपर्यंत पोंचले. तोंवर इतक्या उत्तरेस कोणी मनुष्य गेल्याची नोंद नव्हती.

परंतु त्यांचें खरें कार्य पहिल्या महायुद्धानंतरचें. तें समजण्यास रशियांतील सैन्यभरतीची रीत ठाऊक असली पाहिजे. १७०५ सालीं पीटर बादशहानें ठराविक घरांमागें एक शिपाई देण्याची सक्ती घातली. प्रथम ही चाकरी जन्माची होती. १७९३ पासून ती २५ वर्षांची झाली. भरती झालेल्या तरुणाच्या डोक्याचा पुढील भाग भादरीत, आणि घरचीं माणसें तो मेलाच असें समजून आक्रोश करीत त्यास निरोप देत. १८७४ सालीं मुदत कमी झाली, पण सक्ती सर्व वर्गांवर आली. महायुद्धांत सुमारें दीड कोट माणसें अशीं रणांगणाकडे गेलीं. पुढें झारची सत्ता जाऊन बोल्शेव्हिकांची आली. परंतु १९१८ च्या मे महिन्यांत त्यांनींहि सक्तीची भरती पुन्हां सुरू केली.

१९२० सालीं राष्ट्रसंघानें युद्धकैद्यांना स्वदेशीं पोंचविण्याचें काम नान्सेन यांजवर सोंपविलें. दोन वर्षांत सुमारें ४ लक्ष २७ हजार कैदी घरीं परतले.

तें काम चालू असतांच रशियांत दुष्काळ पडला. शेतावर माणूस नाहीं, घोडा नाहीं; सरकारच्या सशस्त्र तुकड्यांनीं फौजेसाठीं व शहरांसाठीं धान्य, कित्येक ठिकाणीं बियाणेंसुद्धां, उचलून नेलेलें. त्यांतच १९२० व १९२१ सालीं व्होल्गाकांठीं पावसानें दगा दिला. सुमारें पन्नास लक्ष माणसें मेलीं.

सप्टेंबर १९२१ मध्यें जिनिव्हा येथें नान्सेन यांनीं राष्ट्रांपुढें पदर पसरला. अर्जेंटिनांत मका आगगाडीच्या इंजिनांत जाळला जात आहे, इकडे लेंकरें मरत आहेत, हें त्यांनीं निक्षून सांगितलें. कम्युनिस्टांचें बळ वाढेल या भीतीनें राष्ट्रांनीं कर्ज नाकारलें. ते स्वतः व्होल्गाकांठीं गेले, तेथील छायाचित्रें घेऊन गांवोगांव व्याख्यानें देत हिंडले, आणि लोकांकडून मदत मिळवून अन्नछत्रें चालविलीं. अमेरिकेच्या मदतसंस्थेनें तर १९२२ च्या उन्हाळ्यांत रोज सुमारें एक कोट लोकांस जेवूं घातलें.

नान्सेन भोळे आहेत, असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. तो अगदींच निराधार नव्हता. कारण मदत चालू असतांच १९२२ च्या अखेरीस सोव्हिएट सरकार धान्य परदेशीं विकावयास निघालें. तथापि सरकारच्या अपराधाची शिक्षा उपाशी मुलास कां, या प्रश्नाचें उत्तर आक्षेपकांपाशीं नव्हतें. १९२२ चें शांततेचें नोबेल पारितोषिक नान्सेन यांस मिळालें. तो पैसा त्यांनीं मदतकार्यांतच घातला.

१३ मे १९३० रोजीं ते वारले. १७ मे रोजीं, नॉर्वेच्या राष्ट्रीय सणादिवशीं, त्यांचा अंत्यविधि झाला.

पुढें १९३२–३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान व व्होल्गाकांठ येथें त्याहूनहि भयंकर दुष्काळ पडला. या वेळीं सरकारनें भुकेची गोष्टच नाकारली, धान्य परदेशीं पाठविलें, आणि बाहेरची मदत आंत येऊं दिली नाहीं. पन्नास लक्षांहून अधिक माणसें गेलीं. तेव्हां जगाच्या दारीं त्यांची कैफियत मांडण्यास नान्सेन हयात नव्हते. एका माणसाच्या असण्यानें काय होतें, असें म्हणणाऱ्यांनीं या दोन दुष्काळांकडे पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.