जनावरांचा डॉक्टर आणि आपली टायरगाडी

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. परीक्षेचे पेपर सोडले तर मराठीत सलग चार पानं मी पहिल्यांदाच लिहिते आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

आमच्या ग्रुपने थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी कॅम्पिंग ट्रेलर घेतला होता. खराब रस्त्यावर जीपमागे ओढायचा आणि रानात कुठेही मुक्काम करायचा, असा. कॉम्प्युटरवर मॉडेल एकदम झकास झालं होतं. घडीचा तंबू, बाहेर सरकणारा ओटा, पाण्याची टाकी, सोलर पॅनल, सगळं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी, शिरूर कासारला गेले, आणि त्या मॉडेलची मला जरा लाजच वाटायला लागली.

शिरूर कासार म्हणजे बीड जिल्ह्यातलं, सिंदफणेच्या काठचं तालुक्याचं गाव. दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्यातली कित्येक घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात राहायचं. गाडीत बैल, पत्र्याची पेटी, पीठ, पाण्याचा ड्रम, कोंबड्या, आणि सामानावर बसलेली पोरं. कारखान्याच्या तळावर कोपी बांधायची, आणि पहाटे अंधारात टायरगाडी जुंपून फडात जायचं. हेही कॅम्पिंगच झालं की! फक्त इथे कोणी हौसेने आलेलं नसतं.

आजोळच्या शेजारी एक मामा राहतात. त्यांनी बरेच हंगाम टायरगाडीवर काढलेत. माझ्या लॅपटॉपवरचं मॉडेल त्यांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, की यात बैलांचा चारा कुठे ठेवायचा? मग त्यांनी मला लाकडी चाकाची जुनी गाडी आणि टायरगाडी यातला फरक समजावून सांगितला. शेवटी त्यांनी सहज विचारलं, हे हवेचं चाक काढलं तरी कोणी? मला नीट सांगता येईना. कंपनीचं नाव माहीत होतं, माणूस माहीत नव्हता. सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, ते मामांना फोनवर सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगते.

जॉन बॉइड डनलप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं मूल, त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे असं त्यांना लहानपणापासून सांगितलं गेलं. त्यांनी एडिंबरोला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं. हो, ते इंजिनियर नव्हतेच! १८६७ मध्ये ते आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला. तेव्हा शहरातला सगळा माल घोडे ओढायचे. त्यामुळे धंदा जोरात होता. १८८० नंतरच्या काळात त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता. थोडक्यात, आयुष्य सेट झालेलं होतं.

१८८७ साली ते ४७ वर्षांचे होते. त्यांच्या लहान मुलाकडे एक तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबर होतं आणि रस्ते दगडी. पोरगं हादरून जायचं. डनलपनी पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती एका लाकडी चकतीवर बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. त्यांनी अंगणात आधी सायकलचं जुनं चाक गडगडत सोडलं, मग हवेचं चाक. जुनं चाक मध्येच पडलं. हवेचं चाक पलीकडच्या फाटकाच्या खांबाला धडकून परत उसळलं. ना मशीन, ना सेन्सर. दोन चाकं आणि एक अंगण. आपल्या लॅबमध्ये रीडिंग 'ॲडजस्ट' करणाऱ्यांनी (मीही त्यात आले) या प्रयोगाकडे जरूर बघावं.

यामागचं कारण सोपं आहे. कडक चाकाखाली खडा आला की चाक, आस आणि वरचा सगळा भार उचलला जातो. ती ताकद जनावराच्या खांद्यातून जाते. हवेचं चाक मात्र तेवढ्याच जागी दबतं आणि खडा गिळून टाकतं, भार जागेवरच राहतो. मऊ रानात तर फरक आणखी मोठा. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद, ती ओल्या मातीत रुतते. मग बैल गाडी जणू सतत चढावरच ओढत असतात. टायर पसरतो. त्याचा जमिनीवरचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतकाच राहतो. म्हणूनच खराब रानात जीपवाले टायरची हवा थोडी कमी करतात.

७ डिसेंबर १८८८ रोजी डनलपना पेटंट मिळालं. लोक त्या जाड चाकांना हसत होते. पण १८ मे १८८९ ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलच्या शर्यती झाल्या, आणि विली ह्यूम नावाच्या खेळाडूने हवेच्या टायरवर भल्याभल्यांना मागे टाकलं. हसणं तिथेच थांबलं. त्याच वर्षी डब्लिनमध्ये हार्वे ड्यू क्रोस या व्यावसायिकाच्या पुढाकाराने कंपनी निघाली.

आणि मग धक्का बसला. पेटंट मिळून दोन वर्षं होत नाहीत तोच ते रद्द ठरलं. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच, म्हणजे डनलप पाच वर्षांचे असताना, हवेच्या चाकाचं पेटंट घेतलेलं होतं. तेही सायकलसाठी नव्हे, घोडागाडीसाठी! तेव्हा रबर महाग होतं आणि सायकलींचं युग अजून यायचं होतं, म्हणून ती कल्पना फायलीतच राहिली. डनलपना त्याचा पत्ताच नव्हता. आपण ज्याला लिटरेचर सर्व्हे म्हणतो आणि सीनियरच्या रिपोर्टमधून कॉपी करतो, तो न केल्याची ही किंमत.

कंपनी बुडाली नाही, कारण तिने टायर रिमवर बसवण्याची आणि काढण्याची इतरांची पेटंटं विकत घेतली. मूळ कल्पनेइतकीच ही जोडणी महत्त्वाची होती. पंक्चर काढता येत नसेल तर टायर काय कामाचा? डनलप मात्र हळूहळू बाजूला पडले आणि कंपनीतून बाहेर पडले. १८९६ मध्ये कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या डोंगराएवढ्या पैशातलं फार थोडं त्यांच्या वाट्याला आलं. नाव मात्र टायरवर राहिलं. उरलेलं आयुष्य ते डब्लिनमध्ये राहिले, तिथे त्यांचा कापडाच्या दुकानाशी संबंध होता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

या गोष्टीची एक काळी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. टायरमुळे रबराची मागणी प्रचंड वाढली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या ताब्यातल्या काँगोमध्ये जंगलातलं रबर गोळा करायला गावंच्या गावं जुंपली गेली. ठरलेलं रबर भरलं नाही तर माणसांचे हात तोडण्यापर्यंत अत्याचार झाले. बेलफास्टच्या त्या मुलाचे हादरे कमी झाले, ते कोणाच्या तरी अंगावर गेले. यात डनलप यांचा दोष नाही. पण शोध लागला की त्याचा फायदा कोणाला आणि भार कोणावर, हे शोध लावणारा ठरवत नाही, एवढं मला कळलं.

हे सगळं मी मामांना सांगितलं, तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की टायर आला तेव्हा बैलांना आराम पडेल असं वाटलं होतं. चाक हलकं चालतंय म्हटल्यावर गाडीत ऊस जास्त भरायला लागले. भाडं वजनावर, उचल फेडायची घाई. शेवटी बैलाच्या मानेवर व्हायचं तेच होतं. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाला तर जू मानेत रुततं. आम्ही पुस्तकात जो हिचवरचा भार शिकतो, तो त्यांनी बैलाच्या खांद्यावर पाहिलेला होता.

मग आम्ही प्रोजेक्ट बदलला. सोलर पॅनल ठेवलं, पण एका दिव्यापुरतं. सरकणारा ओटा गेला. त्याऐवजी ट्रेलर रिकामा झाला की फळ्या उघडून जमिनीपासून दोन फूट उंच, कोरडी झोपायची जागा होते. कोपीत साप-विंचवाची भीती असते, म्हणून. वर ताडपत्री, खाली चाऱ्याला जागा, पाण्याचा ड्रम बरोबर आसाच्या वर, म्हणजे पाणी संपत आलं तरी तोल बिघडत नाही. फ्रेम एम.एस. अँगलची, सगळं वेल्डिंग शिरूरच्या बाजारातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल असं. टायर नेहमीचेच, कुठेही पंक्चर निघेल असे.

सबमिशनच्या दिवशी सरांनी विचारलं, की जास्त भार टाकला तर काय? आम्ही पाट्याच्या स्प्रिंगशेजारी एक लाल खूण दाखवली. भार मर्यादेबाहेर गेला की फ्रेम त्या खुणेखाली उतरते. सर म्हणाले, खूण दिसेल, पण भरणारा थांबेल का? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ते रिपोर्टच्या 'लिमिटेशन्स' मध्ये तसंच लिहिलंय.

मे महिन्यात मामांच्या घरची माणसं परत येतात. तेव्हा आमचा सांगाडा तिथे नेऊन त्यांना दाखवायचा आहे. मार्क मिळून गेलेत. खरा व्हायवा तो असेल.